गुडघ्यावर माणूस असेपर्यंत

आत्याला आत्या म्हणणाऱ्यांमध्ये खरी भाची एकच होती. बाकीच्यांनी ते नातं परस्पर लावून घेतलं होतं. चर्चचे पाळक तिला आत्या म्हणायचे, पाळकांची बायको म्हणायची, आणि चष्म्याच्या दुकानात येणारी, तिच्याहून वयानं चांगली मोठी असलेली माणसंसुद्धा खुशाल म्हणायची, "आत्या, जरा ही दांडी घट्ट करून दे गं." ती हसून दांडी घट्ट करून द्यायची. या नात्यात सगळा फायदा समोरच्यांचाच होता, पण ते तिच्या ध्यानात कधी आलं नाही.

दुकानात तिची जागा मागच्या खोलीत, खिडकीशी. कारखान्यातून गोल काचा यायच्या. त्यांच्या कडा चाकावर घासून फ्रेमच्या मापाला आणायच्या, हे तिचं काम. चाकावर पाण्याची बारीक धार पडत राहायची, काच कुरकुरत राहायची, आणि कड गुळगुळीत झाली की आत्या ती काच खिडकीसमोर धरून बाहेर बघायची. बघणं हा कामाचाच भाग होता, पण ती त्यात जरा जास्तच रमायची. एका काचेतून समोरचा रस्ता पार नाकाशी यायचा, दुसरीतून तो लांब जाऊन इवलासा व्हायचा. सायकलवाला वाकडा व्हायचा, सरळ व्हायचा, विरघळून जायचा. मालक पुढून हाक मारायचे आणि उत्तर आलं नाही की गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांबा जरा. आमच्या बाई फिरायला गेल्यात."

आणि उपासनेच्या वेळी ती ऑर्गनवर. हा ऑर्गन म्हणजे मोठ्या चर्चमधला भिंतभर नळ्यांचा नव्हे. पायांनी भाता मारायचा, लाकडी, कपाटाएवढा. तो वेदीच्या एका अंगाला भिंतीकडे पाठ करून ठेवलेला होता, त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे यायची. मागचं दिसावं म्हणून वर एक आरसा बसवलेला. त्या आरशात वेदीपुढचा लाकडी कठडा बरोबर मावत असे.

आता ज्यांना या मंडळींची रीत ठाऊक नाही, त्यांना एवढं सांगायला हवं. विश्वास ठेवला की पापांची क्षमा होते, हे बाकीचे ख्रिस्ती लोक मानतात तसं हेही मानत. पण त्यापुढे आणखी एक कृपा आहे, असं यांचं म्हणणं. माणसाच्या आत जो मीपणा, आकस, जळफळाट चिकटून बसलेला असतो तोही धुऊन निघतो आणि मन पवित्र होतं, तेही इथे, याच जन्मात, आणि एका क्षणात. उपासनेच्या शेवटी पाळक हाक द्यायचे. ज्याला आतून वाटेल तो उठून कठड्याशी जायचा, गुडघे टेकायचा. ऑर्गनवर एकच गीत हळू आवाजात चालू राहायचं. मन भरलं की माणूस उठून जागेवर यायचा. वाढदिवस सांगावा तशी इथली माणसं आपापल्या कठड्याची तारीख सांगत.

ऑर्गन वाजवणाऱ्यासाठी नियम एकच. जुन्या मास्तरांनी आत्याला तो फ्रॉकमध्ये असताना शिकवला होता, सुरांच्याही आधी: गुडघ्यावर माणूस असेपर्यंत हात उचलायचा नाही. एखादा नुसता हुंदके देत बसला, एखाद्याला सुचतच नसलं, तरी त्याला कुणी घाई करतंय असं वाटता कामा नये. तो उठला की आपण थांबायचं.

मास्तर गेले आणि ते स्टूल आत्याकडे आलं, ते आलंच. तिनं आपल्या आईला आरशात गुडघे टेकताना पाहिलं आणि वाजवत राहिली. धाकटा भाऊ, जो तेव्हा घराला नकोसा झाला होता, तो एका संध्याकाळी धडपडत कठड्याशी गेला आणि उठता उठेना. पोटऱ्या भरून आल्या तरी ती भाता मारत राहिली. तिच्याशी ज्याचं ठरलं होतं तो मुलगाही त्या आरशातच तिला दिसला. उठला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेल्या काचेसारखा लख्ख झाला होता. तिला किती आनंद झाला होता! पुढे थोड्याच दिवसांत त्यानं घरी येऊन सांगितलं, की देवानं त्याला लांबच्या कामाला बोलावलंय आणि त्या कामात लग्न बसत नाही. वर्षभरात ते बसलं, पण दुसऱ्या कुणाशी.

त्यानंतर आत्याच्या मनात काहीतरी बारीक, टोकदार शिरून बसलं. कुणी लख्ख चेहऱ्यानं कठड्यावरून उठलं की ते टोचायचं. वाटायचं, याला मिळालं, हिला मिळालं, आणि मी? चारचौघांत ती हसायची, नव्या माणसाचे हात हातात घ्यायची, आणि आतल्या आत जळायची. हे असं जळणं म्हणजेच जे कठड्याशी धुतलं जातं ते, हे तिला कळत होतं. तिला फक्त तिथे जायचं होतं. पण जाणार कसं? ती उठली तर वाजवणार कोण? आणि वाजवणं थांबवून जावं, तर गुडघ्यावर कुणी ना कुणी असायचंच; शेवटचा उठला की लगेच आशीर्वाद होऊन उपासना संपायची.

घरी पलंगाशी तिनं पुष्कळदा गुडघे टेकले. देवाला कठडा लागत नाही हे तिला पाळकांइतकंच माहीत होतं. पण कसं असतं, नुसतं माहीत असून भागत नाही. भावाला तिनं धीर करून सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, तू काय बोलतेस! तुला कशाला हवा कठडा? तू तर आम्हा सगळ्यांच्या आधीच पवित्र." बोलला प्रेमानं. आत्याला मात्र वाटलं, आपण दारावर थाप मारली आणि आतल्यांनी ते दार लावून घेतलं.

तिला वरचेवर एक स्वप्न पडायचं. ती स्टुलावरून उठलीय, पायांखालची फरशी पाण्यासारखी मऊ आहे, दोन्ही बाजूंना ओळखीचे चेहरे काचेपलीकडे असावेत तसे कधी स्पष्ट, कधी धूसर. गीत चालूच आहे. हे वाजवतंय तरी कोण, म्हणून ती मागे वळून बघते, तर तिचेच हात मागे पट्ट्यांवर राहून गेलेले, आणि कठडा धरायला तिच्याजवळ हातच नाहीत. जाग आली की ती बराच वेळ बोटं मोजल्यासारखी चाचपत राही.

असं सगळं चाललेलं असताना ती मोठी बैठक ठरली.

पावित्र्याच्या या शिकवणीचे दोन पंथ फार पूर्वी फुटलेले होते. एक आत्याच्या मंडळीसारखे, सगळं एका क्षणात होतं म्हणणारे. दुसरे म्हणत, क्षणबिण काही नाही, ही जन्मभराची चाल आहे, माणूस हळूहळू पवित्र होत जातो. बाहेरच्या टवाळांनी त्यांना क्षणवाले आणि चालवाले अशी नावं ठेवली होती, आणि ती इतकी सोयीची होती की पुढे तेही आपापसात तीच वापरू लागले. दोन्हीकडे तरुण येईनासे झाले, शिकवण पुस्तकांत उरली, तेव्हा दोघांच्या वडीलधाऱ्यांना जाग आली. दोन्हींकडचे बिशप, पाळक आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक आठवडाभर एकत्र बसतील, भांडण मिटवतील आणि या जुन्या वाटेत पुन्हा जीव ओततील, असं ठरलं. जागा ठरली आत्याचं चर्च.

तो आठवडा आत्याला नंतरही स्वप्नातल्यासारखाच आठवे. दुकानातून सुटून ती चर्चच्या आवारात आली की ऊन उतरलेलं असायचं, आणि त्या पिवळ्या उजेडात काळ्या कोटांतली माणसं दोघादोघांनी येरझारा घालताना दिसायची. कुणी हात हवेत उडवतंय, कुणी थांबून झाडालाच काहीतरी समजावतंय. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या खोलीत, मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर, मोठमोठे विद्वान गुडघे छातीशी घेऊन बसलेले. 'एका क्षणात' आणि 'क्षणोक्षणी' यांचा कीस पडत होता. एका जाड्या पंडिताची खुर्ची भर वादात मोडली आणि तो खाली बसला, तेव्हा दोन्ही पंथांचे लोक पहिल्यांदा एकत्र हसले. लोक म्हणतात, खरी दिलजमाई तिथूनच सुरू झाली.

या सगळ्यांत चालवाल्यांचे म्हातारे बिशप होते, उंच, वाकलेले, बोलायच्या आधी डोळे मिटून घेणारे. आणि क्षणवाल्यांच्या बाजूनं इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांच्या चष्म्याची काच भर बैठकीत निखळली, आणि पाळकांनी त्यांना आत्याच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

आत्यानं त्यांना मागच्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि काचेची टवका उडालेली कड चाकावर घासायला घेतली. चष्म्याविना प्राध्यापिकेचा चेहरा अगदी लहान मुलीसारखा दिसत होता. त्या खोलीकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"तुम्ही ऑर्गन वाजवता ना? फार सुंदर वाजवता हो."

"सवयीनं वाजतं," आत्या म्हणाली.

"मी जुन्या लोकांच्या साक्षी जमवतेय. कुणाचं कठड्याशी केव्हा झालं, काय वाटलं, नंतर आयुष्यात काय बदललं." त्या अगदी सहज म्हणाल्या, "तुमचं कधी झालं, आत्या?"

चाक फिरत होतं. पाण्याची धार पडत होती. आजवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळे धरूनच चालले होते. खोटं सांगणं किती सोपं होतं. एखादी तारीख, एखादं गीत, झालं. आत्यानं चाक थांबवलं.

"मी वाजवत होते," ती म्हणाली.

प्राध्यापिकेला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी समोरचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आत्यानं काच पुसली, फ्रेमला बसवली आणि चष्मा त्यांच्या हातात दिला. तो घातल्यावर त्या आत्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की आत्याच लाजली.

"आणि जावंसं वाटतं?"

"वाटतं हो. पार लाज वाटावी इतकं वाटतं," आत्या म्हणाली, आणि इतकं बोलून गेल्याबद्दल दुसरी फ्रेम उगाचच पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुट्टी घेऊन चर्चमध्ये आली. ऑर्गनच्या भात्याला भेग पडली होती, तिथे चामड्याचा तुकडा डकवायचा होता. ती ऑर्गनच्या मागे फरशीवर बसून सरस लावत असतानाच उपासनेच्या रीतींबद्दल ठरवणारी मंडळी पुढच्या बाकांवर येऊन टेकली. बिशप होते, पाळक होते, प्राध्यापिका होत्या. आत्यानं खाकरायला हवं होतं. पण तोंडात सरसाचा ब्रश होता, आणि तो काढेपर्यंत बोलणं सुरूही झालं होतं.

"या कठड्याचा आपण तमाशा करून टाकलाय," बिशप म्हणाले. "कोण गेलं, कोण नाही गेलं, कोण किती रडलं. आमच्याकडे तेच, तुमच्याकडेही तेच."

प्राध्यापिका म्हणाल्या, की खरं बघता सुरुवातीच्या लोकांची ताकद कठड्यात नव्हतीच. ते घरोघरी पाच-सहा जण जमायचे आणि एकमेकांना विचारायचे, तुझ्या जिवाचं कसं चाललंय. उत्तर खरं द्यावं लागे. ते पुन्हा सुरू करायला हवं.

पाळक तरुण होते, भिडस्त होते. ते म्हणाले, "पण लोकांना सवय आहे..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

शेवटी ठरलं. समारोपाच्या संध्याकाळी दोन्ही पंथांची एकत्र उपासना होईल, तेव्हा एकदा कठड्याची हाक द्यायची. ती शेवटची. त्यानंतर दर आठवड्याची हाक बंद, आणि घराघरांतली मंडळं सुरू.

ऑर्गनमागे आत्या हातात ब्रश धरून बसून राहिली. त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. तेच तर वाईट होतं. चुकीचं ठरवलं असतं, तर निदान रागावता तरी आलं असतं. घरी जमून एकमेकांना खरं विचारायचं, याहून चांगलं काय असतं? पण आजवर कधीतरी, पुढेमागे, अशी आशा होती. आता एकच संध्याकाळ उरली होती, आणि त्या संध्याकाळी वाजवणार तीच.

मंडळी उठून गेल्यावर ती कपडे झटकत बाहेर आली, तर प्राध्यापिका दारातच उभ्या. विसरलेली पिशवी न्यायला परत आल्या होत्या. त्यांनी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथेच होता?"

"तुमचं बरोबरच आहे," आत्या घाईनं म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

"मी वाजवते," प्राध्यापिका एकदम म्हणाल्या. "लहानपणी शिकले होते. त्या दिवशी तिसऱ्या कडव्याला मी येऊन बसते, तुम्ही उठा."

आत्याला इतकं भरून आलं की ती नाही म्हणू शकली नाही. भात्याचा सरस वाळल्यावर दोघी ऑर्गनशी बसल्या. पण प्राध्यापिकेचे हात पट्ट्यांवर गेले की पाय थांबायचे, आणि पाय आठवले की हात थांबायचे. ऑर्गन आधी धापा टाकू लागला, मग कण्हला, मग एका सुरावर असा रेकला की खिडकीतलं कबूतर उडून गेलं. दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. हसू ओसरल्यावर प्राध्यापिकेनं डोळे पुसले. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

पाळकांना कळलं तेव्हा त्यांनीही उपाय सुचवला. गीत आधीच रेकॉर्ड करून ठेवू, स्पीकरवर लावू.

"त्या डब्याला काय कळणार कोण गुडघ्यावर आहे ते?" आत्या म्हणाली. "एखादीचं अजून व्हायचं असेल आणि तो मध्येच बंद पडला तर? राहू दे. इतकी वर्षं गेली, तशी हीपण जाईल संध्याकाळ."

बोलताना तिनं आवाज अगदी हलका ठेवला होता. घरी गेल्यावर मात्र भावजयीनं ताट वाढलं ते तसंच निवून गेलं. "ताई, बरं नाही का?" असं तिनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आत्या म्हणाली, "दमलेय जरा."

समारोपाच्या संध्याकाळी चर्च इतकं भरलं, की भिंतीच्या कडेनंही माणसं उभी राहिली. चालवाले आणि क्षणवाले एकाच बाकावर, एकाच गीतपुस्तकात डोकं घालून गात होते. जाडा पंडित आणि त्याच्याशी आठवडाभर भांडलेला प्राचार्य शेजारी शेजारी बसले होते. बिशप थोडंच बोलले. म्हणाले, "आम्ही आठवडाभर पावित्र्याबद्दल बोललो. आता तोंड बंद करून ते मागावं." आणि पाळकांनी हाक दिली.

आत्यानं गीत धरलं.

आधी कोपऱ्यातली कुणी बाई उठली. मग एक जोडपं. मग जाडा पंडित उठला, त्याच्यामागून प्राचार्य, आणि बघता बघता अभ्यासक, पाळक, वडीलधारे एकेक करून कठड्याशी येऊ लागले. शेवटी बिशप स्वतः, खुर्चीचा हात धरून उठले आणि कठड्याच्या ऑर्गनकडच्या टोकाला येऊन मोठ्या कष्टानं खाली बसले. दिवे मंद होते. आरशात ती सगळी वाकलेली डोकी पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. आत्याला वाटलं, आपणही पाण्याखालीच आहोत, फक्त पलीकडच्या बाजूला.

गीत संपलं, तिनं पहिल्यापासून घेतलं. परत संपलं, परत घेतलं. आत्याच्या पंथाची माणसं मन भरलं तशी उठली आणि जाऊन बसली. पलीकडच्या पंथाचे पाहुणे मात्र हलेनात. ती कौतुकानं बघत राहिली. काय ही तळमळ! बिशपांसारखा माणूस, आणि अजून उठत नाही! तिनं गीत पुन्हा घेतलं. पोटऱ्या दुखायला लागल्या, मनगटं जड झाली. पाहुणे तसेच.

आणि तिकडे पाहुण्यांची वेगळीच पंचाईत झाली होती. चालवाल्यांच्यात रीत उलटी. त्यांच्याकडे गुडघे टेकलेल्यानं आपल्या मर्जीनं उठायचं नसतं. ऑर्गन थांबला की सगळ्यांनी मिळून उठायचं, म्हणजे कोण आधी, कोण नंतर असं होत नाही. आठवडाभरात इतके निबंध वाचले गेले, इतका कीस पडला, पण ही गोष्ट कुणी काढलीच नव्हती, कारण आपल्यापेक्षा वेगळी रीत असू शकते हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं. आत्या त्यांच्यासाठी थांबली होती आणि ते आत्यासाठी. दोघंही एकमेकांच्या भक्तीनं थक्क झालेले, आणि दोघांचेही प्राण कंठाशी आलेले.

आरशात तिला दिसलं, की बिशप एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेताहेत. पुन्हा पहिल्यावर. मग त्यांनी डोकं वर केलं आणि सरळ आरशात, तिच्या डोळ्यांत पाहिलं. आजवर कठड्याशी असलेल्या कुणीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला? ते तर देवापुढे बसलेले असत. पण ही नजर देवाकडे नव्हती. ती नजर अगदी साधी होती, म्हाताऱ्या माणसाची, कळवळलेली. बाई, पुरे करा आता, असं ती म्हणत होती.

आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस माझ्यासाठी थांबलाय.

तिनं हात उचलले.

भात्यातली उरलेली हवा सुस्कारा टाकून गेली आणि चर्चमध्ये अशी शांतता पसरली, जी तिथल्या कुणी कधी ऐकली नव्हती. पाहुण्यांमधून सुटकेचं हलकंसं "आमेन" उमटलं. ते कठडा धरून, गुडघे सांभाळत उठायला लागले. आत्याची मंडळी मात्र बाकांवर खिळून राहिली. गुडघ्यावर माणसं असताना ऑर्गन थांबला? आत्याला काही झालं की काय? पाळक आशीर्वादासाठी हात वर करून तसेच उभे राहिले. भाऊ बाकावरून अर्धा उठला.

आत्यानं पुढचं काही ठरवलेलं नव्हतं, हे अगदी खरं. थांबायचं एवढंच तिला कळलं होतं. पण आता पट्ट्यांवर हात नव्हते, भात्यावर पाय नव्हते, आणि स्टुलावर बसून राहायचं काही कारणच उरलं नव्हतं. ती उठली. कठडा तिला जन्मभर लांब वाटत आला होता. प्रत्यक्षात तो अगदी जवळ होता, चार पावलांवरच म्हणा ना. उठणाऱ्या माणसांमधून वाट काढत ती पुढे झाली, बिशपांच्या शेजारी जागा मोकळी झाली होती तिथे पोचली, आणि तिनं गुडघे टेकले.

लाकूड वरून गुळगुळीत झालेलं होतं, तिनं कल्पना केली होती त्याहून जरा खाली होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. म्हणून जे होतं तेच ती म्हणाली, ओठांतल्या ओठांत. त्याचा चेहरा उजळला, आणि मी जळले. अजून जळते. ज्याचा त्याचा चेहरा उजळतो, आणि मी जळते. मला कंटाळा आलाय. हे काढून घे.

वर कुणी गात नव्हतं, कुणी वाजवत नव्हतं. तिला फक्त माणसांचे श्वास ऐकू येत होते, आणि मागे कुठेतरी प्राध्यापिका नाक ओढत होत्या.

बिशप अर्धे उठले होते. एक हात कठड्यावर, एक गुडघा वर, असे ते अवघडून तसेच थांबले. शेजारी आलेल्या बाईकडे त्यांनी पाहिलं, रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग, दात आवळून, ते पुन्हा खाली बसले.

बराच वेळ गेला. बिशप तिच्याकडे किंचित झुकले.

"आता गीत नाही," ते कुजबुजले. "मग उठायचं कधी?"

"आमच्याकडे मन भरलं की उठतात," आत्या डोळे न उघडता म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिला हसूही येत होतं. "मला नक्की नाही सांगता यायचं, साहेब. मी पहिल्यांदाच आलेय."

म्हाताऱ्या बिशपांनी मान हलवली. त्यांचे गुडघे पार मोडकळीला आले होते, हे सगळ्या चर्चला दिसत होतं.

"मग तुमचं सावकाश होऊ दे," ते म्हणाले. "तुम्ही उठेपर्यंत मी आहे."

हे ती आजवर दर उपासनेला, गुडघे टेकलेल्या प्रत्येकाला, हातांनी सांगत आली होती. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आत्यानं कपाळ कठड्यावर टेकलं आणि तिनं मुळीच घाई केली नाही.